इम्पल्स १५०: फटफट थांबली, आता ४,००० आरपीएमचा खड्डा

माझ्या हिरो इम्पल्स १५० ला बाहेरचा बेंड पाइप (इंजिनाच्या हेडपासून निघणारा) आणि स्ट्रेट-थ्रू (आत पडदे नसलेला, सरळ) सायलेन्सर लावल्यापासून थ्रॉटल सोडल्यावर होणारी फटफट अखेर बंद झाली! मागच्या अपडेटनंतर बऱ्याच जणांनी मिक्स्चर रिच (पेट्रोल जास्त) करायला पायलट जेट (थ्रॉटल मिटलेला असताना पेट्रोल सोडणारं भोक) आणखी एक नंबर वाढवायला सांगितलं होतं. तेही केलं होतं. एअर स्क्रू फिरवून पाहिला, सीव्ही कार्बोरेटरच्या नीडलखाली बारीक वॉशर टाकून ती वर उचलली. प्लग काळा पडू लागला, पेट्रोलचा वास हेल्मेटमध्ये यायला लागला, तरी उतारावर थ्रॉटल मिटला की फट्‌ फट्‌ चालूच. मिक्स्चर इतकं रिच असताना बॅकफायर होतोय म्हणजे हवा कार्बोरेटरच्या पुढे कुठून तरी आत शिरतेय, एवढं नक्की झालं.

थ्रॉटल बंद असताना सिलिंडरमध्ये पुरतं जळत नाही, उरलेलं पेट्रोल गरम बेंड पाइपात जातं. दोन एक्झॉस्ट स्ट्रोकच्या मधे पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. हेडजवळच्या जॉइंटला केसाएवढी फट असली तरी तिथून ताजी हवा ओढली जाते आणि ते पेट्रोल पाइपातच पेटतं. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये इतके पडदे असतात की हा आवाज आत जिरून जातो. स्ट्रेट-थ्रूमध्ये लपायला जागाच नाही. ज्यांच्या गाडीत एक्झॉस्टमध्ये हवा सोडणारा व्हॉल्व्ह आहे त्यांनी तो आधी तपासावा, मग इकडे यावं.

लीक शोधायची सोपी पद्धत: इंजिन थंड असताना सुरू करायचं, एकाने जाड हातमोजा घालून सायलेन्सरच्या तोंडावर कापड दाबायचं आणि दुसऱ्याने ब्रशने जॉइंटला साबणाचं पाणी लावायचं. पाइप तापायच्या आत उरकावं लागतं. माझ्या गाडीला खालच्या नटाच्या बाजूला बुडबुडे आले. नवा तांब्याचा गॅस्केट टाकला, नट टॉर्क रेंचने आळीपाळीने आवळले, तरी बुडबुडे तिथेच.

पाइप काढून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात नेला. मिस्त्रींनी सरफेस प्लेटला (अचूक सपाट लोखंडी पाटाला) कुठे टेकतंय ते दाखवणारं निळं लावून पाइपाचं तोंड त्यावर टेकवलं. निळं अर्ध्याच कॉलरला लागलं. "कॉलरच तिरकी वेल्ड केल्या न्हवं. जेट बदलून काय हुणार?" पाइप ज्याच्याकडून ऑनलाइन मागवला त्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं की दोन गॅस्केट टाका. स्टेनलेसचा चकचकीत पाइप, वर लेझरने कोरलेला लोगो, आणि ज्या एका ठिकाणी माप अचूक हवं तिथेच ढिलाई! असे पाइप विकत घेणाऱ्यांनी पार्सल उघडल्या उघडल्या तोंड सपाट काचेवर टेकवून फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघावं. आवाजाचे व्हिडिओ नंतर ऐका.

वाकडा पाइप लेथवर धरता येत नाही, म्हणून जुनी कॉलर कापली आणि एसएस ३०४ ची नवी उतरवली. पाइप गाडीवर बसवून, नट आवळून, जागेवरच आर्गन वेल्डिंगने टॅक (छोटे टाके) मारले (बॅटरी आणि ठिणगी सांभाळणाऱ्या सीडीआय बॉक्सची जोडणी आधी काढली), मग खाली काढून पूर्ण वेल्ड केलं. वेल्डच्या उष्णतेने थोडी ओढ बसलीच. ती मिस्त्रींनी प्लेटवर एमरी पेपर ठेवून घासून काढली. आता निळं सगळीकडे सारखं लागतं. पायलट जेट पुन्हा मूळ नंबरवर आणलं आणि गाडी राधानगरीच्या अलीकडच्या आमच्या नेहमीच्या जांभ्याच्या उतारावर सोडली. दुसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण मिटून खालपर्यंत आलो, इंजिनाची नुसती घुमघुम. काय समाधान वाटलं!

पण चढाला लागलो आणि दुसरी गोष्ट उघडी पडली. फटफटीच्या नादात ती आजवर नीट कळतच नव्हती. ओल्या लाल मातीत वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल उघडला की ३,५०० ते ४,२०० आरपीएममध्ये इंजिन दम खातं, मग एकदम उठतं आणि मागचं चाक फिरतं. प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर लावलाय, त्यावर आकडा दर वेळी तोच. स्वस्तातली वस्तू, पण इतकी उपयोगी दुसरी नाही. इन्फ्रारेड थर्मामीटरबद्दल मात्र एक इशारा: चकचकीत स्टेनलेसवर तो तापमान बरंच कमी दाखवतो. हीटप्रूफ काळ्या रंगाचा ठिपका मारून त्यावर मोजा.

खड्ड्याचं कारण मला गणितात सापडलं असं वाटतंय. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडल्यापासून ओव्हरलॅपपर्यंत (दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असतात तो क्षण) क्रँक साधारण २३० अंश फिरतो. गरम गॅसमध्ये दाबाची लाट सेकंदाला सुमारे ५०० मीटर जाते. ती उघड्या तोंडावर आपटून उलटी होते आणि ओढ बनून परत येते. माझा बेंड आणि कॅन (सायलेन्सरचा डबा) मिळून सव्वा मीटर. जाऊन-येऊन अडीच मीटर, म्हणजे ५ मिलिसेकंद. ही ओढ ओव्हरलॅपला नेमकी पोचते ती ७,५०० च्या जरा वर, आणि इम्पल्सची १३ पीएसची कमाल ताकद ७,५०० लाच आहे. वर गाडी मस्त पळते ती यामुळे. पण तीच लाट दुसऱ्या फेरीत दाब बनून परतते, १० मिलिसेकंदांनी. तो दाब ओव्हरलॅपला गाठतो ३,८०० च्या आसपास आणि जळका गॅस परत आत ढकलतो. खड्डा बरोबर तिथेच!

तेव्हा ३५ मिमीचा मोठा बेंड घ्यायचा बेत रद्द. मोठ्या व्यासात गॅसचा वेग पडतो, खालचा टॉर्क आणखी गेला असता. कॅनसोबत आलेला रिड्यूसर (तोंड आवळणारी छोटी नळी) मी पहिल्याच दिवशी काढून ठेवला होता. तो परत बसवला तर खड्डा निम्म्याने भरला आणि आवाजही उतरला. तोंड आवळलं की परतणारी लाट कमजोर होते, दुसरी फेरी त्याहून कमजोर. वरच्या टोकाला थोडं मंद वाटतं, पण चिखलात ७,५०० ला कोण जातंय?

आवाजाबद्दल एकदा बोलतोच. रस्त्यावर माझ्या गाडीला कंपनीचाच सायलेन्सर असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि लायसन्स जाण्याची तरतूद आहे. शिवाय ज्या शेतकऱ्यांच्या माळावर आपण चालवतो त्यांची जनावरं बिथरली की ती जागा सगळ्यांसाठी बंद होते. कॅनमधली मूळ ग्लासवूल पातळ होती. मी जाळीदार नळीला आधी स्टीलवूलचा एक थर गुंडाळला, त्यावर ग्लासवूल घट्ट भरली. स्टीलवूलमुळे आतली लोकर गॅसबरोबर उडून जात नाही. रिव्हेट मात्र स्टेनलेसचेच घ्या, ॲल्युमिनियमचे ढिले होतात.

हे लिहिताना एक नवीन सुचतंय. रिड्यूसर वेगवेगळ्या भोकाचे करून बघायचेच होते, २४, २६ आणि २८ मिमी. पण एफएमएफ कंपनीच्या पॉवरबॉम्ब हेडरला (म्हणजे बेंड पाइपाला) जो फुगा असतो, तसा छोटा डबा माझ्या बेंडवर जोडला तर लाट वाटेतच फुटेल आणि तोंड इतकं आवळावं लागणार नाही. इम्पल्समध्ये कॅरिझ्मा या बाइकचं २२३ सीसी इंजिन टाकलेल्यांपैकी कुणी असा डबा केला असेल तर व्यास आणि हेडपासूनचं अंतर कळवा. मिस्त्रींकडे ५० मिमीच्या पाइपाचे तुकडे पडलेले आहेत. पुढच्या आठवड्यात आधी २६ चा रिड्यूसर चढावर लावून बघतो, मग पाइपला कटर लावायचा की नाही ते ठरवू.