सूज दिवसभर, मग दुखणं पहाटेच का?

ऱ्हुमटॉइड संधिवातात (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो आजार) ‘किती दुखतं’ याच्या आधी ‘कधी दुखतं’ हे विचारायला हवं. सांध्यांना सूज चोवीस तास असते, पण बोटं आखडतात पहाटे. बरंचसं कारण मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या वेळापत्रकात आहे. त्यांच्यातून येणारं कॉर्टिसॉल म्हणजे शरीराचं स्वतःचं दाहशामक. मध्यरात्रीच्या सुमारास ते सगळ्यात कमी असतं, पहाटे २-३ पासून चढू लागतं आणि सकाळी ८ च्या आसपास सर्वांत वर जातं. नेमकं रात्रीच्या उत्तरार्धातच इंटरल्युकिन-६ सारखी दाह वाढवणारी द्रव्यंही वाढतात, आणि या आजारात कॉर्टिसॉल त्यांना पुरं पडत नाही.

विरार-कल्याणहून लवकरची लोकल धरणाऱ्या बाईला पाच वाजता पोळ्या लाटायच्या असतात. हात सर्वांत ताठ असण्याची वेळही तीच. हा ताठरपणा तासाहून जास्त टिकत असेल तर ‘वयाची झीज’ म्हणून सोडून देऊ नका. झिजेचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासात सुटतो. अँटी-सीसीपी, आरए फॅक्टर, ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या करून घ्या.

औषधाची वेळही इथूनच ठरते. साधी प्रेडनिसोलोन (कॉर्टिसॉलसारखं काम करणारी स्टेरॉइडची गोळी) सकाळी ८ च्या सुमारास नाश्त्यानंतर देतात, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या लयीला कमी धक्का बसतो. उशिरा विरघळणारी प्रेडनिसोन रात्री १० ला घेतली की साधारण ४ तासांनी मोकळी होते आणि सकाळचा ताठरपणा कमी करते. दीर्घकाळ टिकणारी वेदनाशामक गोळी सकाळी घेऊन उपयोग होत नसेल, तर रात्रीच्या जेवणानंतर घेता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. डोस वाढवण्याआधी वेळ बदलून पाहावी, असं माझं ठाम मत आहे.

गरोदरपणात अनेकींचा हा आजार शांत होतो, हे निरीक्षण अमेरिकी डॉक्टर फिलिप हेंच यांना कॉर्टिसोन या स्टेरॉइडपर्यंत घेऊन गेलं. त्यासाठी १९५० चं नोबेल इतर दोघांसोबत त्यांच्या वाट्याला आलं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मात्र दुखणं उसळतं. तेव्हाची औषधं स्तनपान धरून आधीच ठरवून ठेवावीत.

पाळीच्या दुखण्यात घड्याळाऐवजी कॅलेंडर बघायचं. पाळीआधी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक घसरलं की गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन्स नावाची द्रव्यं तयार होतात, गर्भाशय जोरात आवळतं आणि वेदनेच्या नसा हळव्या होतात. आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी ती निर्मितीच रोखते. आधी तयार झालेल्या प्रोस्टाग्लँडिन्सवर तिचा इलाज नाही. म्हणून असह्य होईपर्यंत थांबून घेतलेली गोळी तोकडी पडते. चाहूल लागताच ४०० मिग्रॅ, काही खाऊन, दर ८ तासांनी, २-३ दिवस. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा गोळीने बळावणारा दमा असेल तर घेऊ नये. पाळीच्या दुखण्यावरच्या मेफेनॅमिक ॲसिड या दुसऱ्या गोळीबद्दल २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने इशारा दिला होता: घेतल्यानंतर काही आठवड्यांनीही अंगावर पुरळ, ताप, गाठींना सूज आली तर गोळी थांबवून डॉक्टर गाठा. आणि मुंबईच्या पावसाळ्यात ताप असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत या दोन्ही गोळ्या नकोत, फक्त पॅरासिटामॉल.

नीट घेऊनही दुखणं थांबत नसेल तर एंडोमेट्रिओसिसचा (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा) विचार हवा. तिथे दुष्टचक्र असतं: प्रोस्टाग्लँडिन ई-२ मुळे त्या ऊतीत अरोमाटेज हे विकर वाढून इस्ट्रोजेन बनतं आणि इस्ट्रोजेनमुळे पुन्हा प्रोस्टाग्लँडिन. वेदनाशामक चक्राची एकच बाजू अडवतं; दुसऱ्या बाजूसाठी रोज २ मिग्रॅ डायनोजेस्टसारखं संप्रेरक द्यावं लागतं. ‘बायकांना दुखतंच’ असं म्हणत यात वर्षं वाया जातात, याचा मला राग येतो.

सांधेदुखीवर ‘चार दिवसांत गुण’ देणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. चेहरा गोल होणं, भूक आणि साखर वाढणं या खुणा. अशी पुडी ३ आठवड्यांहून जास्त घेतली असेल तर एकदम बंद करू नका. बाहेरच्या स्टेरॉइडमुळे अधिवृक्क ग्रंथी मंदावलेल्या असतात. उलट्या, गळून जाणं, रक्तदाब कोसळणं असे प्रकार होतात. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा. डोस हळूहळू उतरवताना कॉर्टिसॉलची तपासणी सांगितली तर रक्त सकाळी ८ च्या सुमारास द्या. दुपारच्या नमुन्यात आकडा एरवीही कमीच येतो.