वाघूरकडे पाठ करून

श्रावणात अजिंठ्याला गेलो ते लेण्यांसाठी नाही, वाघूर नदीसाठी. घरच्यांना हे आधी सांगितलं असतं तर कुणी गाडीत बसलंच नसतं. परभणी ते फर्दापूर प्रवासाबद्दल न बोललेलं बरं. फर्दापूर फाट्यापुढं आपली गाडी नेता येत नाही, बसमध्ये कोंबून घ्यावं लागतं.

लेण्यांपुढच्या वाटेवर रांग लागलेली. पावसाळी रविवार, दुसरं काय होणार! सगळ्यांची तोंडं डोंगराकडं आणि पाठी नदीकडं. माझी चिडचिड होते ती याचीच. घोड्याच्या नालेसारखा वळलेला, सुमारे 76 मीटर उंचीचा हा कडा या नदीनंच कापलाय. आणि आपण चालतो ती सलग वाट अलीकडची आहे. मुळात लेण्यांपासून थेट पात्रात उतरणाऱ्या ज्याच्या त्याच्या पायऱ्या होत्या. सोळाव्या लेण्याचे दगडी हत्ती अजून त्या जिन्याशी उभे आहेत, नदीकडून येणाऱ्यांसाठी. आपण आडवे घुसतो आणि पुढं जातो.

भिक्खू पावसाळ्यात एका जागी मुक्काम करत, वर्षावास. म्हणजे त्यांच्या मुक्कामातली वाघूर ही अशी होती, गढूळ आणि भरलेली. मे महिन्यात येऊन, पात्रातले कोरडे गोटे बघून ‘इथं राहत कसे असतील’ म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

लेणी संपतात तिथं घळ अरुंद होते आणि पाणी टप्प्याटप्प्यानं खाली येतं. हेच सातकुंड. मी तिथंच रेंगाळलो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला, त्याचे थर कड्यात सरळ मोजता येतात. टणक थर तग धरतो, त्याखालचा ठिसूळ थर आधी झिजतो, मग वरचा काठ अधांतरी राहून तुटतो. म्हणून इथं एकच मोठी उडी नाही, उतरंड आहे. तळाशी पाणी गोटे गरगर फिरवतं आणि खडकात रांजण कोरतं. वाकून बघायला लागलो तर रखवालदारानं शिट्टी मारली. त्याचं बरोबरच होतं, खडकावरचं शेवाळ कुणाला ओळखत नाही.

हिमाचलला जाऊन आलेला भाचा म्हणाला, ‘‘मामा, इथं काय बघायलाव? नदी बघावी तर तीर्थन. ट्राउट असतेत तिथं.’’

ट्राउटला बारमाही गार, वाहतं पाणी लागतं. तीर्थनला बर्फ वितळून ते मिळतं, वाघूरला फक्त पाऊस आहे. आणि तिथला तो मासा तरी तिथला कुठं, इंग्रजांनी आणून सोडलेला! हे सगळं मी त्याला सांगितलं. तो सेल्फी काढत होता.

परत घाट चढून अजिंठा गावाच्या पठारावर आलो तेव्हा मेव्हण्यांना म्हटलं, इथला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. उत्तरेला पडला तर वाघूरमधून तापीत आणि अरबी समुद्रात. दक्षिणेला पडला तर पूर्णेतून गोदावरीत, थेट बंगालच्या उपसागरात.

मेव्हणे एकदम सावरून बसले. ‘‘म्हणजे आपल्या डोंगरातलं पाणी जळगावकर पितेत?’’

‘‘वाघूर धरणातून, हो.’’

‘‘आन् आपल्या परभणीकडच्या येलदरी धरणाला?’’

येलदरीला पूर्णेचं जातं म्हटल्यावर त्यांनी काच खाली केली आणि पाऊस नेमका कुठल्या बाजूला पडतोय ते बघायला लागले.