बोंबील, पाऊस आणि सीईटी

आज कॉलेजला दांडी. पहाटे पप्पांची होडी लागली, बोंबील बऱ्यापैकी होते, एकट्या आईला आवरणारे नव्हते, मग बॅग ठेवली आणि वलांडीवर, म्हणजे मासे सुकवायच्या दोऱ्या बांधलेल्या मांडवावर, गेले. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर सोडायची. दात एवढे बारीक की बोटांना चिरा पडतात आणि वर खारं पाणी, नुसतं चरचरतं. पण आता हात बसलाय, बोलता बोलता पाटी रिकामी होते.

टेन्शन आभाळाचं. अर्धवट सुकलेला माल एका सरीत भिजला की बुरशी धरते, मग खायला कोण घेत नाही, खताला मातीमोल भावाने जातो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा घर या सुक्यावरच चालतं, म्हणून ढग दिसला की आई ताडपत्री घेऊन धावते आणि मला तिच्याकडे बघवत नाही.

शेजारची काकी म्हणते, शिक आणि सूट इथून. मायेनेच म्हणते ती. पण मला नाही सुटायचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, माझी तेव्हा नुकतीच पाचवी झालेली, श्रीवर्धनच्या या अख्ख्या पट्ट्यात माडपोफळी आडव्या, आमचे पत्रे उडाले, लाइट तर किती दिवस नव्हती. आईने तशातही भिजलेलं सुकट निवडून जेवढं वाचेल तेवढं वाचवलं. एवढं करणाऱ्या बायकांचा माल पावसाने दरवर्षी का जावा?

रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं. मला तिथे बीएफएससी, म्हणजे मत्स्यशास्त्राची पदवी, करायचीय. मासे टिकवायचं, सुकवायचं शास्त्र शिकवतात तिथे. सोलर ड्रायरमध्ये माल बंदिस्त सुकतो, वाळू नाही, माशा नाहीत, सरीची भीती नाही. असा एक आमच्या वाडीत हवाय मला, सगळ्या बायकांनी मिळून चालवायचा.

रात्री पप्पांना सांगितलं. "बाय, कॉलेजान मासं धरायला शिकवतान काय?" म्हणाले आणि मग हॉस्टेलला किती लागतात ते विचारत बसले. स्कॉलरशिपचं बघावं लागेल. सीईटीला बायो जमेल, फिजिक्स अवघड जातंय, आणि घरात रेंज नाही म्हणून उद्या वरच्या एसटी स्टॉपवर जाऊन लेक्चर डाउनलोड करणार आहे, आईला मदत करून झाली की लगेच.