अण्णांचा ॲन्युरिझम आणि स्टेंट ग्राफ्टची निवड : माझा अनुभव

अण्णांना लघवीचा त्रास होता म्हणून कराडला प्रोस्टेटची सोनोग्राफी केली. रिपोर्टात प्रोस्टेट बाजूलाच राहिलं. पोटातली महाधमनी मूत्रपिंडांच्या खाली 5.8 सेंटिमीटर फुगली आहे, असं शेवटी लिहिलं होतं. ही रक्तवाहिनी साधारण 2 सेंटिमीटरची असते. 3 झाली की ॲन्युरिझम म्हणतात आणि पुरुषांत 5.5 च्या पुढे गेली की दुरुस्तीचा विचार सुरू होतो, कारण तिथून ती फुटण्याचा धोका वाढत जातो. फुटली तर पुष्कळांना दवाखाना गाठायलाही वेळ मिळत नाही. अण्णा 74 वर्षांचे, साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, जन्मभर बिडी ओढलेले. पोट दुखत नाही, भूक उत्तम. "मला झालंय तरी काय?" असं ते विचारत, तेव्हा त्यांना पटवणं मला जड जायचं.

पुण्याला आणून सीटी अँजिओग्राफी केली. पोट उघडून कृत्रिम नळी शिवणं हा जुना आणि टिकाऊ मार्ग. पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी 1951 साली फुगलेला भाग काढून तिथे रक्तवाहिनीचं रोपण केलं, तेव्हापासूनचा. दुसरा मार्ग म्हणजे जांघेतल्या धमनीतून मिटलेला स्टेंट ग्राफ्ट (तारेच्या सांगाड्याला कापड लावलेली नळी) वर न्यायचा आणि फुगीर भागाच्या आत उघडायचा, म्हणजे रक्त ग्राफ्टमधून जातं आणि फुगलेल्या भिंतीवरचा दाब उतरतो. ब्युनोस आयर्सचे हुआन पारोदी यांनी 1990 मध्ये पोटातल्या ॲन्युरिझमसाठी हे पहिल्यांदा केलं. अण्णांच्या हृदयाचं पंपिंग 40 टक्के आणि फुप्फुसं अशक्त. त्यामुळे पोट उघडायचा पर्याय भूलतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत बाजूला ठेवला.

खरा प्रश्न पुढे होता, तो म्हणजे कुठला ग्राफ्ट. एका रुग्णालयातून कोटेशन आलं, त्यात "स्टेंट ग्राफ्ट, आयात, 1 नग" एवढंच. कंपनी नाही, माप नाही. विचारलं तर "बेस्ट क्वालिटी आहे मॅडम" असं उत्तर मिळालं. इतक्या मोठ्या रकमेसमोर हे उत्तर मला अजिबात पटलं नाही. हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर 2017 पासून सरकारी कमाल मर्यादा आहे, ती या ग्राफ्टला लागू नाही. त्यामुळे काय घेतोय हे तरी कळलंच पाहिजे, असं मी ठरवलं.

दुसरे व्हॅस्क्युलर सर्जन भेटले ते वेगळे. त्यांनी सीटी पडद्यावर उघडली, धमनी सरळ करून दाखवली आणि मापं कागदावर लिहून दिली. मूत्रपिंडांच्या धमन्यांपासून फुगीर भाग सुरू होईपर्यंतच्या निरोगी तुकड्याला ते 'नेक' म्हणत होते. अण्णांची नेक 13 मिलिमीटर लांब, 24 मिलिमीटर रुंद, बाक सुमारे 50 अंश. पायाकडे जाणारी डावी इलियाक धमनी 7 मिलिमीटरची, उजवी जेमतेम 5 आणि तिच्यात कॅल्शियम. सगळी निवड या आकड्यांवर झाली.

डॉक्टर म्हणाले, "काका, ग्राफ्टचं वरचं तोंड या 13 मिलिमीटरमध्ये घट्ट बसायला हवं. नाही बसलं तर कडेने रक्त परत फुग्यात जाणार." अण्णा एकदम सावरून बसले. "म्हणजे सॉकेटात पाइप किती आत गेलाय, त्यावर गळती. आणि पाइप तिरका आला तर वायसर कितीही चांगला घाला, थेंब पडणारच." डॉक्टरांनी मान डोलावली. त्या दिवसापासून अण्णा ऑपरेशनला तयार झाले.

आता प्रकार. कुक कंपनीचा झेनिथ फ्लेक्स हा जुना, खूप वापरलेला ग्राफ्ट. पॉलिस्टरचं कापड, स्टेनलेस स्टीलची तार, वरचा उघडा स्टेंट मूत्रपिंडाच्या धमन्यांच्याही वर जाऊन आकड्यांनी भिंत धरतो. गोअर कंपनीच्या एक्सक्लुडरमध्ये नायटिनॉल या निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या तारेवर पीटीएफईचं, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीचं अस्तर असतं आणि तो मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या खालीच धरतो. त्याची उघडण्याची पद्धत अशी की थोडा चुकीचा बसला तर परत मिटवून जागा बदलता येते. पण या दोघांनाही मूळ रूपात 15 मिलिमीटरची नेक लागते. अण्णांची दोन मिलिमीटरने कमी. इतक्याशा फरकाने काय होतं, असं मला वाटलं. डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं की कंपनीच्या सूचनेतल्या मापाबाहेर ग्राफ्ट बसवला, तर पुढे वरच्या तोंडाशी गळती होण्याचा धोका वाढतो, आणि तीच गळती सगळ्यात वाईट.

मेडट्रॉनिक कंपनीचा एंड्युरंट 10 मिलिमीटरच्या नेकला चालतो. पॉलिस्टर, नायटिनॉल, वर उघडा स्टेंट आणि त्याला बारीक आकडे. एक्सक्लुडरचंच कन्फॉर्मेबल नावाचं नवं रूपही 10 मिलिमीटरला चालतं आणि बाकदार नेकमध्ये चांगलं वळतं. म्हणजे कागदावर दोन्ही बसत होते. उघड्या स्टेंटच्या तारा किडनीच्या धमन्यांच्या तोंडावरून जातात हे ऐकून मी घाबरले होते, कारण अण्णांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आधीच थोडं वर होतं. पण तिथे कापड नसतं, तारांमधून रक्त वाहत राहतं. किडनीला जपायचं ते धमन्या दिसाव्यात म्हणून रक्तात सोडतात त्या डायच्या जास्त मात्रेपासून, हे डॉक्टरांनी आकृती काढून समजावलं. नेक याहून आखूड असती, तर किडनीच्या धमन्यांसाठी खिडक्या ठेवलेला फेनेस्ट्रेटेड ग्राफ्ट लागला असता. तो रुग्णाच्या मापाने बनवून घ्यावा लागतो, त्यात आठवडे जातात.

मग जाडीचा प्रश्न. ग्राफ्ट ज्या नळीतून आत जातो तिचं माप फ्रेंचमध्ये सांगतात, 3 फ्रेंच म्हणजे 1 मिलिमीटर. नेक 24 ची, म्हणून साधारण 10 ते 20 टक्के मोठा, 28 मिलिमीटरचा मुख्य भाग ठरला. त्याची नळी 18 फ्रेंच, म्हणजे 6 मिलिमीटर. उजव्या बाजूने शक्यच नव्हतं, डाव्या बाजूने जात होतं. उजवीकडून फक्त ग्राफ्टचा बारीक पाय, म्हणजे त्या बाजूच्या धमनीत उतरणारी फाटी न्यायची. मी घरी येऊन हा हिशेब पुन्हा मांडला आणि पहिल्यांदा मला शांत झोप लागली.

नव्या म्हणून गाजवलेल्या गोष्टींबद्दलही मी विचारलं. नेलिक्स नावाच्या प्रकारात ग्राफ्टभोवतीच्या पिशव्यांमध्ये पॉलिमर भरून फुग्याची सगळी पोकळीच बंद करायची कल्पना होती. कल्पना सुंदर, पण काही वर्षांनी ग्राफ्ट सरकणं, गळती असे त्रास दिसले आणि 2019 मध्ये तो युरोपच्या बाजारातून मागे घ्यावा लागला. म्हणून ज्याचे अनेक वर्षांचे निकाल उपलब्ध आहेत आणि ज्यावर आपल्या सर्जनचा हात बसलेला आहे, तोच घ्यावा असं माझं मत झालं. आमचे सर्जन एंड्युरंट सर्वात जास्त वापरत होते. तो ठरला.

ब्रिटनमधल्या ईव्हीएआर-1 या मोठ्या चाचणीबद्दल त्यांनी स्वतःहून सांगितलं. पहिल्या 30 दिवसांत ग्राफ्टवाल्यांत मृत्यू 1.7 टक्के, पोट उघडलेल्यांत 4.7. पण 2016 मध्ये पंधरा वर्षांचे निकाल आले, तेव्हा आठ वर्षांनंतर ॲन्युरिझममुळे होणारे मृत्यू ग्राफ्टवाल्यांत जास्त निघाले. ते मुख्यतः फुगा नंतर फुटल्यामुळे झाले होते. म्हणजे ग्राफ्ट बसवला की जन्मभर तपासणी आलीच. एखादा साठीचा, धडधाकट माणूस असता तर मी पोट उघडायच्या ऑपरेशनचा आग्रह धरला असता. अण्णांसाठी तो प्रश्न नव्हता.

मेडिक्लेमवाल्यांनी कॅशलेस अडवलं, "हेच उपकरण का?" म्हणून. सर्जनने मापांचा तोच कागद पत्राला जोडून दिला आणि मंजुरी आली. मापं लेखी मागून घ्या, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

ऑपरेशन कॅथलॅबमध्ये, कमरेखाली भूल देऊन झालं. दोन्ही जांघांत छोटे छेद. दुसऱ्या दिवशी अण्णा चालले.

महिन्याच्या सीटीत वर-खाली कुठे गळती नव्हती, पण टाइप 2 ची बारीक गळती दिसली. कमरेच्या छोट्या धमन्यांमधून रक्त उलटं फुग्यात येतं, ती. फुगा वाढत नसेल तर तिच्याकडे फक्त लक्ष ठेवतात. वर्षाच्या तपासणीत फुगा 5.3 वर आला होता आणि गळती अजून होती. आता दर वर्षी डॉपलर सोनोग्राफी. ग्राफ्टचं कार्ड, त्यावरचा क्रमांक आणि सगळ्या सीटींच्या सीडी दादाकडे एका फाइलमध्ये आहेत.

सख्ख्या भावंडांनाही धोका असतो, म्हणून धाकट्या काकांना सोनोग्राफीला नेलं. त्यांची महाधमनी 3.4 निघाली. ऑपरेशनची गरज नाही, ठरावीक अंतराने मोजत राहायचं आणि बिडी बंद करायची. काकांनी बंडल त्याच दिवशी अण्णांच्या हातात दिलं.