सातवीच्या वर्गात मांडलेला हिशेब

धारूर तालुक्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात माझी जिल्हा परिषदेची शाळा. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकात जातं. पाडव्याच्या आसपास परततं. लेकरं मागं राहावीत म्हणून हंगामी वसतिगृह चालतं. आमच्याकडं दोन वेळचं जेवण शाळेत, झोपायला आजीकडं. लेकरू ट्रॅक्टरमध्ये चढू न देणं, हे इथं शिकवण्याच्या आधीचं काम.

एप्रिलातली सकाळची शाळा होती. सातवीच्या दारात एका मुलीचे वडील पिशवी घेऊन उभे राहिले. "गुरुजी, एवढं बगा की. मुकादम म्हनतोय, साडेसत्तावीस हजार अजून आमच्याच अंगावर हायेत."

पिशवीत वजनकाट्याच्या पावत्या होत्या, घडी पडून फाटायला आलेल्या. मुकादम म्हणजे तोडणीची टोळी जमवणारा ठेकेदार. नवरा-बायको मिळून एक कोयता. या कोयत्याची उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली आणि तोडणीतून फेडायची रक्कम, 1 लाखाची. टोळीत 8 कोयते.

मी तासाभरात हिशेब करून दिला असता. पण तो गुरुजींचा हिशेब झाला असता आणि माझी बदली झाली की गाव पुन्हा मुकादमाच्या वहीपुढं हात जोडून उभं. म्हणून पावत्या वर्गात वाटल्या. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं लिहायचं, तिसऱ्यानं बेरीज पडताळायची.

सुरुवातीलाच गाडं अडलं. पावतीवर वजनाचे तीन आकडे, त्यातला धरायचा कुठला? तेव्हा एक मुलगा उठला. दोन हंगाम आई-बापासोबत फडावर गेलेला, अभ्यासात मागं पडलेला, वर्गात कधी तोंड न उघडणारा. "हे भरल्या गाडीचं वजन. हे रिकामीचं. वजा केल्यावर उरंल त्यो आपला ऊस." मग तो प्रत्येक गटाजवळ जाऊन दाखवत राहिला. हुशार म्हणून मी ज्यांची नावं घ्यायचो ती पोरं त्याला विचारत होती. फडावर गेलेली ती दोन वर्षं वाया गेली, असं त्याच्यासमोर मी पुन्हा कधी म्हणणार नाही.

बेरीज आली 1,824 टन. आठांत भागले, कोयत्यामागं 228. जानेवारी 2024 मध्ये ठरलेला तोडणीचा दर टनाला 366 रुपये. फळ्यावर गुणाकार त्या मुलीनंच केला: 83,448. लाखातून वजा जाता बाकी 16,552. मुकादमाच्या वहीत 198 टनच धरले होते. 30 टन ऊस, म्हणजे 10,980 रुपये, वहीत आलेच नव्हते.

दुपारी मारुतीच्या पारावर ती वडिलांसोबत गेली. मीही गेलो, पण बोललो नाही. तिनं कागद वाचला, शांतपणे, पावत्यांच्या तारखांसकट. मुकादम आधी माझ्याकडं बघत होता, मग तिच्याकडं बघायला लागला. त्यानं वही पुन्हा काढली, बराच वेळ आकडे लावले आणि "लिहायचं राहून गेलं आसंल" म्हणत बाकी दुरुस्त केली. टोळीतल्या उरलेल्या सात कोयत्यांचीही करावी लागली, कारण पावत्या सगळ्यांच्या एकच होत्या.

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. तिला अक्षरओळख नाही. तिनं कोरी वही मागितली. पुढच्या हंगामात गाडी भरली की आकडा आपणच लिहून ठेवायचा, असं तिनं ठरवलंय. सध्या मुलगी तिला रोज संध्याकाळी अंक गिरवायला लावते; सातपर्यंत आल्या आहेत.