कापसाच्या गाठी आणि स्फोटकं, एकाच होल्डमध्ये

मागच्या आठवड्यात आमच्या जहाजावरचा फिटर पाइपला वेल्डिंग मारायला निघाला होता, मी थांबवला, कारण त्या बल्कहेडच्या (जहाजातल्या लोखंडी भिंतीच्या) पलीकडं पेंट स्टोअर आणि तिकडं कुणी जाऊन बघितलंच नव्हतं. तो म्हणाला, साहेब दोन मिनिटांचं काम आहे. पण लोखंड इकडून तापलं की पलीकडचा रंग पेटतो, ठिणगी लागतच नाही त्याला.

अशा वेळी मला हमखास फोर्ट स्टिकीन हे जहाज आठवतं. १४ एप्रिल १९४४, मुंबईचा व्हिक्टोरिया डॉक. जहाज बर्कनहेडहून कराचीमार्गे आलेलं, पोटात जवळपास १४०० टन स्फोटकं, सोन्याच्या विटा, आणि कराचीत भरलेला कापूस, तोही स्फोटकांच्याच दोन नंबर होल्डमध्ये, म्हणजे माल भरायच्या कप्प्यात! स्फोटकं आहेत म्हणून लाल बावटा लावायचा असतो तोसुद्धा लावलेला नव्हता. दुपारी धूर दिसला, बंबवाल्यांनी ९०० टनांच्या वर पाणी ओतलं, पण कापसाची गाठ आतल्या आत धुमसते त्यामुळं आग नेमकी कुठंय तेच कळेना, आणि पाणी चढलं तशा पेटत्या गाठी तरंगत वर स्फोटकांकडं सरकायला लागल्या. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा, शिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, १४ एप्रिलला आपण अग्निशमन दिन पाळतो तो त्यांच्यासाठी.

कुणाच्या तरी सिगारेटमुळं लागली असेल असं म्हणतात. असेलही. पण माझ्या मते घात झाला तो माल भरला तेव्हाच. आता धोकादायक माल कशाशेजारी ठेवायचा नाही याचे कडक नियम आहेत, तरी कंटेनरमध्ये एक आणि कागदावर भलतंच लिहिणारे लोक आहेत, याचा मला खरंच संताप येतो, कारण आग लागल्यावर आत शिरणाऱ्या पोरांना समोर काय आहे तेच माहीत नसतं.

इंजिन रूममध्ये मुख्य शत्रू म्हणजे गळकं तेल आणि तापलेला एक्झॉस्ट. फ्युएल पाइप फुटून फवारा उडाला आणि तिथलं लॅगिंग (गरम पाइपवरचं उष्णता अडवणारं आवरण) निघालेलं असेल तर संपलंच. म्हणून लॅगिंग निघालं तर त्याच वॉचला, म्हणजे त्याच पाळीत, लावा, तेलकट चिंध्या झाकणाच्या डब्यातच टाका, आणि आग विझवायला सीओटू (कार्बन डायऑक्साइड, त्यात माणूसही गुदमरतो) सोडायच्या आधी माणसं मोजा, प्लीज, दोनदा मोजा.

दुसऱ्या दिवशी पेंटचे डबे हलवले, पलीकडं एक जण एक्स्टिंग्विशर घेऊन उभा केला, मग वेल्डिंग. झाल्यावर मी तिकडून हात लावून बघितला, चटका बसला.