विहिरीला पेट्रोलचा वास, आणि अहवाल म्हणतो 'पिण्यास योग्य'

तो कागद अजून फायलीत सगळ्यात वर आहे. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार ठीक, नायट्रेट ठीक, फ्लोराइड ठीक, खाली गोल शिक्का: पाणी पिण्यास योग्य. आणि त्याच आठवड्यात त्या विहिरीतून बादली काढली की वर तेलाचे सप्तरंगी तवंग फिरायचे.

कळलं ते बैलांमुळे. धुळे-जळगाव हायवेलगत आमचं साडेचार एकर वावर आहे, कापूस आणि मका. वरच्या अंगाला, दीडेकशे मीटरवर पेट्रोल पंप. मे महिन्यात एका सकाळी जोडी हौदाला तोंड लावेना. सालदार म्हणाला, "आप्पा, पानीले घासलेटना वास येस." मला वाटलं मोटारीचं ऑइल गळलं असणार. मोटार वर काढली, तीन हजार गेले, मोटार ठणठणीत. मग मी आणखी एक शहाणपणा केला. दोन रात्री सलग उपसा केला, म्हटलं घाण निघून जाईल. तिसऱ्या दिवशी वास दुप्पट. उपसा केला की चारी बाजूंचं पाणी विहिरीकडे ओढलं जातं आणि त्याच्याबरोबर पेट्रोलही येतं, हे मला फार उशिरा समजलं. वर ते पाणी मी मक्याला सोडलेलं.

मग तालुका, मग जिल्हा. एका टेबलावर म्हणाले हे पाणीपुरवठ्याचं, दुसऱ्यावर म्हणाले शेतातली विहीर म्हणजे कृषीचं, तिसऱ्या टेबलावरचे साहेब जेवायला गेलेले. शेवटी एका प्रयोगशाळेनं नमुना घेतला. मी तो पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत नेलेला, तीही अर्धी भरलेली, एसटीत, भर दुपारी, मांडीवर धरून. 12 दिवसांनी तो वरचा अहवाल हातात आला.

मी घरून दुसरी बाटली भरून घेऊन खिडकीवर गेलो. झाकण उघडून म्हटलं, "साहेब, जरा वास घ्या." त्यांनी वास घेतला नाही, अहवालावर बोट ठेवलं. "वासाचा रकाना आहे ना, मान्य लिहिलंय." म्हटलं, मग पेट्रोलचा रकाना कुठे आहे? "छापील नमुन्यात नाही. आणि तुम्ही मागितलं नव्हतं."

तुम्ही मागितलं नव्हतं! या तीन शब्दांनी माझे सात आठवडे खाल्ले. कारण तो कागद माझ्या आधी सगळीकडे पोचायचा. पंचनाम्याला तो जोडला गेला. पंपवाल्या नानांनी त्याची झेरॉक्स करून ठेवली, माझ्यासमोर धरून म्हणाले, "सरकारी शिक्का आहे आप्पा, आता आम्ही काय करावं?" जिथे अर्ज द्यावा तिथे एकच उत्तर, अहवाल तर चांगला आलाय की. दुसरी तपासणी मागितली तर पहिली असताना दुसरी कशाला. एका बाबूनं तर मलाच विचारलं, पंपवाल्याशी काही जुना वाद आहे का? त्या दिवशी मी बाहेर येऊन दोन चहा घेतले आणि तरी हात थरथरत होते.

सुटका केली भाच्यानं. तो केमिकल कंपनीत आहे. फोनवर म्हणाला, मामा, पेट्रोलचा उडून जाणारा भाग तुम्ही एसटीतच सोडून आलात, आणि उरला तो कुणी मोजलाच नाही. अर्जात तपासणीचं नाव लिहायचं: 'बीटेक्स', म्हणजे बेन्झिन, टोल्युइन, इथाइलबेन्झिन आणि झायलीन, शिवाय 'टीपीएच', म्हणजे एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन. काचेची छोटी बाटली लागते, तीही प्रयोगशाळेकडूनच घ्यायची. काठोकाठ भरायची, उलटी धरली तर आत बुडबुडा दिसता कामा नये. बर्फाच्या डब्यातून लगेच पोचवायची. नाशिकला खासगी, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेत स्वतःच्या पैशानं तपासलं. बेन्झिन लिटरला 640 मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा 10 आहे. आपल्या पेट्रोलमध्ये बेन्झिन 1 टक्क्यापर्यंत चालतं. भाच्यानं हिशेब मांडून दाखवला: तेवढं धरलं तर एक लिटर पेट्रोल साडेआठ लाख लिटरहून जास्त पाणी त्या मर्यादेला नेऊन टेकवतं. माझ्या विहिरीसारख्या तीन विहिरी.

या कागदानंतर गाडी हलली. प्रदूषण नियंत्रण मंडळ, पंपाचा परवाना देणारी 'पेसो' आणि तेल कंपनी, तिघांना एकाच दिवशी रजिस्टर पोस्टानं प्रती पाठवल्या. केंद्रीय मंडळाच्या 2020 च्या सूचनांनुसार 165 लिटरच्या वर गळती झाली तर ती कळवावी लागते, हे वाक्य अर्जात आवर्जून टाका. पंपाच्या डिप रजिस्टरमध्ये, म्हणजे टाकीत पट्टी बुडवून रोजचा साठा लिहितात त्या वहीत, रोज चार-पाच लिटरची तूट होती, 'बाष्पीभवन' म्हणून लिहिलेली. रोज 5 धरले तर 33 दिवसांत 165 होतात. टाकी शाबूत निघाली, गळत होता तो जमिनीखालच्या पाइपाचा सांधा.

एक राहिलंच, खरं तर आधी सांगायला हवं होतं. शेजारच्या पोरानं विहिरीत जळती काडी टाकून बघू म्हटलं होतं. पेट्रोलची वाफ हवेहून जड, ती विहिरीत साचून राहते. काडी नाही, विडी नाही, आत उतरणं तर अजिबात नाही.

सफाईचं फार सांगत नाही, ती मंडळी कामाची निघाली. पाणी तपासायला तीन बोअर घेतले, त्यातला एक मुद्दाम पंपाच्या वरच्या अंगाला, तुलनेसाठी. मजा म्हणजे पंपाला माझ्याहून जवळची विहीर स्वच्छ आणि माझी नासलेली. आपल्या काळ्या दगडात पाणी भेगांच्या वाटेनं जातं, अंतर बघून नाही. सांध्याभोवतीचा वास मारणारा मुरूम ताडपत्री झाकून रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात गेला. कमी खराब माती प्लास्टिकवर पसरली, युरिया आणि ओल देऊन उलथीपालथी करत राहिले, जिवाणू ते तेल खातात म्हणे. विहिरीवरचा तवंग आधी काढून घेतला, मग पाणी टाकीत घेऊन त्यातून हवा सोडायचे. मी रोज विचारायचो, अजून किती दिवस? 14 महिने लागले. शेवटचा नमुना 10 च्या खाली आला त्या दिवशी मी बायकोला फोन केला आणि नुसतं "आलं" एवढंच म्हणालो.

माझं प्रकरण सुरू झालं तेव्हा दूषित स्थळांचे स्वतंत्र नियम नव्हते. ते जुलै 2025 मध्ये आले. आता संशयित जागेची प्राथमिक तपासणी राज्य मंडळानं 90 दिवसांत आणि सविस्तर तपासणी त्यापुढच्या 90 दिवसांत करायची आहे. अर्जात हे दिवस मोजून लिहा. भरपाईसाठी पुण्याच्या हरित लवादात जायचं तर कारण घडल्यापासून 5 वर्षांची मुदत असते, माझा अर्ज तिथेच आहे.

आणि हो, पाण्याच्या टँकरच्या पावत्या पहिल्या दिवसापासून घ्या. कंपनीनं पावत्या बघूनच पैसे दिले. पहिल्या दोन महिन्यांचे टँकर गावातल्याच पोराचे, उधारीवर, वहीत लिहिलेले. ते माझ्या खिशातून गेले.